मुक्या घरातला ढावलो

एक शेंगदाणा अख्खं घर मुकं करतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझा भाऊ देविदास म्हणजे पुसेगावजवळच्या आमच्या तांड्यातला एक नंबरचा टवाळ. भुईमुगाच्या काढणीत तो आपल्या तीन वर्षांच्या लेकीला, रूपाला, दाणे भरवत होता आणि नकला करून हसवत होता. पोरगी खदाखदा हसली आणि दाणा श्वासनळीत गेला. आम्ही शहाण्यांनी वरून पाणी पाजलं, केळं कोंबलं. ती निळी पडली. हिंगोलीहून नांदेडला नेलं, तिथल्या डॉक्टरनं नळी घालून दाणा काढला. लेकरू वाचलं. आईनं तांडाभर गूळ वाटला.

संगीतावहिनीच्या कानातून मात्र नांदेडच्या वाटेवरची रूपाच्या छातीतली घरघर काही जाईना. रूपाचा श्वास ऐकू यावा म्हणून तिनं आधी रेडिओ बंद केला, मग आईचं गुणगुणणं. जेवताना कुणी बोलायचं नाही. रूपा हसू लागली की वहिनी तिच्या तोंडावर हात ठेवायची. दादानं तर लेकीकडं बघणंच सोडलं, बघितलं की ती हसेल म्हणून. मला संताप यायचा. लेकरू वाचलंय की गेलंय, तेच या घराला कळत नव्हतं.

रूपा पाच वर्षांची झाली तेव्हा माझं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला ढावलो शिकावा लागतो. सासरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून गाऊन रडायचं. घरात आवाज काढायची सोय नव्हती, म्हणून मी तुरीच्या शेतात जाऊन रडून यायची. रूपा बांधावर बसून बघायची. एकदा मी तिला गुदगुल्या केल्या. अंग हललं, दात दिसले, आवाज नाही. मी गेल्यावर हिला बोलतं कोण करणार, या विचारानं मग मी खरोखरच रडले.

निघायच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं आणि मी रूपाला उचललं. तिनं माझ्या कानाशी विचारलं, "आत्या, मी बी रडू का?"

"रड, माय. मोठ्यानं रड."

तिनं आधी वहिनीकडं पाहिलं, मग तोंड उघडलं. चेहरा पिळवटला, डोळे वाहू लागले. आवाज फुटेना. वहिनी धावत आली, तिनं रूपाच्या पाठीला कान लावला.

"काही न्हाई झालं. श्वास बराबर चालून राहिला," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि इतकी कीवही.

तेवढ्यात दादा पुढं आला. ढावलो बायकांचा, पुरुषानं म्हटलेला मी कधी ऐकला नाही. तो लेकीसमोर मातीत बसला आणि गळा काढून रडू लागला, अगदी बेसूर.

"असा काढ आवाज, रूपे. माझ्यावानी काढ."

रूपा त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. मला जीपमध्ये बसवलं. रस्ता वळेपर्यंत मी मागं कान देऊन होते. एकट्या दादाचाच आवाज येत होता.