पाटलाच्या तळहातावरचं रगत

बीबी गावच्या मारुतीच्या पारावर त्या सकाळी इतकी माणसं चढली होती, की आता मारुतीलाच खाली उतरावं लागेल असं वाटावं. नवं महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. गावात भस्मबाबा येऊन चार दिवस.

मधोमध बाजेवर दहा वर्षांची मनकर्णा पडली होती. श्रावणात तिला ताप आला. ताप गेला, पण अंगातली शक्ती काही परत आली नाही. एक दिवस शाळेत गेली की चार दिवस अंथरुणात. कुणी तिला आळशी म्हणे, कुणी ढोंगी. आई जनकाबाईनं थकून शेवटी बाबाला गाठलं.

बाबानं मनकर्णाच्या तळहाताला हळद चोळली, वर कमंडलूतलं पाणी शिंपडलं. हात लालभडक!

"रगत!" बाबा ओरडला. "चेटकीण पोरीचं रगत पिऊन राह्यली! हिमालयात बारा वर्षं उलटा लटकलो मी, मले सारं दिसते!"

"उलटंच दिसत असंन," मागून कुणीतरी म्हणालं.

"पोरीले मारुतीभवती एकवीस फेऱ्या पळवा! चेटकीण दमते अन् जाते!"

परवा मनकर्णा विहिरीपर्यंत चालली, तर दोन दिवस मान उचलवली नव्हती. एकवीस फेऱ्या! पण आई तिचा दंड धरून उठवू लागलीच होती.

"बाबा," मनकर्णा घाईघाईनं म्हणाली, "चेटकीण माह्यातच हाये, हे कशावरून?"

"हात लाल झाला ना!"

"मंग पाटीलबाबांचाही हात पाहा ना एकडाव."

गुलाबराव पाटील एका बैठकीला दहा भाकरी रिचवणारे. बाबा म्हणाला, "गरज नाही!" पण पाटलांनी तोवर हळद चोळूनही घेतली होती.

"शिंपडा हो! माह्यात चेटकीण असंन, तं तीच दमली असंन!"

पाणी पडलं. हात लालभडक!

"पाटील, तुमचं रगत पेणारी कोण हो?" बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. जनकाबाई मात्र कमंडलू हुंगत होती.

"मायबाई! हे तं पापडखाराचं पाणी! पापडाच्या पिठात हळद पडली का असंच लाल होते!"

हा लाल रंग घरोघरच्या बायकांनी दर उन्हाळ्यात पाहिलेला. पण बाबा रगत म्हणाला, अन् साऱ्यांना रगतच दिसलं! बाबा खडावा टाकून केव्हाच पसार झाला होता.

हा गलका ऐकून, देवीची लस टोचायला गावात आलेले डॉक्टर नारायणराव पारावर आले. मनकर्णाला निजवून नाडी मोजली : चौऱ्याऐंशी. दहा मिनिटं उभं करून मोजली : एकशे बत्तीस.

"जनकाबाई, पोर ढोंगी नाही. नुसती उभी राहिली तरी हिचं काळीज धावतं."

"काऊन व्हते असं?"

"मला माहीत नाही. तापानंतर काही मुलांच्या शरीरात असे बदल राहून जातात. रक्त तपासू, नाडी रोज लिहून ठेवू. तोवर दमायच्या आधीच थांबवायचं हिला."

जनकाबाईनं लेकीला हळूच पुन्हा निजवलं. फेऱ्या मोजायला जमलेल्या पोरांवर ती खेकसली, "पळवायचंच असंन तं पाटलाले पळवा! चेटकीण त्यायलेही लागली हाये!"

मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो दुसऱ्याच्या हातावर करून पाहायला सांगा. आणि तुमच्या वर्गातलं एखादं मूल "मी दमलो" म्हणालं, तर त्याला हसू नका. आधी त्याचं खरं माना, मग नाडी मोजा.