बिनसुईची साखर

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गावातला झाडून सगळा मधुमेह तिथे रांगेत उभा होता. बिनसुई महाराज भक्ताचा अंगठा हुंगायचे, पडद्याआड घंटा वाजायची आणि दवाखान्यातला मागचा आकडा महाराज अचूक ओळखायचे. मग एक फुंकर मारून त्यातून वीस उतरवायचे.

"टोचणं हे पाप! वास हेच विज्ञान!" महाराज गरजले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

टेलरमास्तरही रांगेत होते. दिवसभर सुईशी संसार करणारा माणूस, पण तीच सुई स्वतःच्या बोटाकडे आली की त्यांची बोबडी वळायची. हे आजवर बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर चिघळत होती. साखर तपासली नाहीत तर अंगठा गमवाल, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं. सकाळीच तिनं त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. सुईची आणि स्वतः तपासण्याची भीती किती? पंधरा प्रश्न, पंचेचाळीस गुण. मास्तरांना एक्केचाळीस पडले.

"अहो, शाळेत कधी पडले होते का एवढे?" बायको म्हणाली होती.

तो फॉर्म मास्तरांच्या दवाखान्याच्या फाइलीत सगळ्यात वर होता, आणि फाइल शिष्यानं 'भारून आणायला' पडद्याआड नेली.

घंटा वाजली. चार टोल, जरा थांबून एक.

"साखर एक्केचाळीस!" महाराजांनी फुंकर मारली. "आता एकवीस!"

लोकांनी जयजयकार केला. मास्तर मात्र चपापले. एक्केचाळीस ही तर त्यांची भीती! पण बोलावं कसं? टेलर सुईला घाबरतो म्हटल्यावर गावभर शोभा झाली असती. त्यांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या पोस्टमनला डोळा मारला आणि त्याच्या फाइलीत वरच खिशातली एक मापाची चिठ्ठी सरकवली. तिच्यावर एवढंच होतं : छा. ४२.

चार टोल, मग दोन.

"साखर बेचाळीस! फूऽऽ! आता बावीस!"

"महाराज, ती पोस्टमनची छाती आहे!" मास्तर ओरडले आणि त्यांनी पडदा ओढला. शिष्य मांडीवर फाइल उघडून बसला होता, हातात घंटा.

"भक्ता," महाराज सावरून म्हणाले, "छातीतही साखर असते."

"आणि मास्तर, तुमचे एक्केचाळीस?" कुणीतरी विचारलं.

"ती माझी भीती. मी सुईला घाबरतो. हसा!"

लोक पोट धरधरून हसले. मास्तरांना धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. तेवढ्यात पोस्टमन हळूच म्हणाला, "मला अडतीस पडले होते."

मग हसू ओसरलं, आणि सगळी रांग मास्तरांमागून दवाखान्यात गेली.

"खरंच एकवीस असती तर तुम्ही शुद्धीत नसता," म्हणत सिस्टरनं मास्तरांचं बोट धरलं. सुई लागायच्या आधीच ते किंचाळले. आकडा आला तीनशे अठरा.

"आज आलात. अंगठा वाचवता येईल," सिस्टर म्हणाली.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रांगेकडे वळले. "भीती वाटते ना? मग तसं सांगा, सिस्टर त्यावरही इलाज सांगते. पण वास घेऊन साखर सांगणारा भेटला, तर आधी विचारा, बाबा रे, हा आकडा आणलास कुठून? चला, पुढे कोण? ओरडलात तरी चालेल."