माडाखालचा दामियन

“मावशी, कॅमेऱ्याकडं नको, माझ्याकडं बघ,” बोनिफास म्हणाला.

“तुझ्याकडं काय बघायचंय? सुपारी खाऊन खाऊन दातांची काय दशा केलीस!” पर्पेतुआ म्हणाली. अंगणातल्या बायका हसल्या. म्हातारी पर्पेतुआ स्वतः मात्र हसली नाही.

मी कॅमेऱ्यामागे होतो. वेळूला बांधलेला माईक बोनिफासने धरला होता. लढाईत तो सरकारच्या बाजूने होता, मी बंडखोरांत. तेव्हा दोघेही एकमेकांना शोधत होतो, ते मारायला. आता तीन वर्षं एकाच गाडीतून सगळं बूगनविल बेट पालथं घालत होतो. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांचं बोलणं चित्रित करायचं आणि गावोगाव पडदा लावून दाखवायचं, हे आमचं काम. बघताबघता एखादा माणूस गर्दीतून उठतो आणि म्हणतो, ‘हे माझ्या हातून झालं. हाडं अमुक ठिकाणी आहेत.’ अशी चौदाजणांची हाडं आम्ही घरी पोचवली होती. मी या कामाला का चिकटलो होतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या कबुल्या गोळा करत राहिलं की आपली मागे पडत जाते.

“माझा दामियन एकोणीस वर्षांचा होता,” म्हातारी सांगू लागली. “मूल मेलं की आईच्या जमिनीत जातं. माझा पोरगा कुणा परक्या बाईच्या जमिनीत पडलाय. त्याला तिथं झोप लागत नसेल आणि त्या बाईलाही चैन नसेल. मला कुणाला शिक्षा करायची नाही रे. जागा सांगा. मी आता किती दिवसांची?”

आमच्याकडे जमीन बायकांची असते. ती परकी बाई म्हणजे माझी बायको. तिच्या जमिनीत, ओढ्याच्या उतारावर, दामियनला मीच पुरलं होतं. गोळीही माझीच. खूण राहावी म्हणून वर नारळ लावला होता. माड वाढला, फळाला आला. घरातले सगळे त्याचं पाणी पितात. मी कधी ओठाला लावलं नाही.

बोनिफासने कानांवरचे हेडफोन काढले आणि माझ्याजवळ आला.

“क्लेमेंट,” तो हळूच म्हणाला, “तुझ्या घरी आलो की त्या उतारावरचं शहाळं मला देतोस. तुझ्या वाट्याचं मात्र झाडाआड ओततोस. तीन वर्षं बघतोय मी. तिथं आमचा कोणीतरी माणूस पुरलाय, हे कळत होतं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“मी बोललो असतो तर तुझ्या-माझ्या लोकांत पुन्हा जुंपली असती. तुझ्या तोंडून यायला हवं होतं. आण तो कॅमेरा इकडं.”

“तुला कुठं येतो चालवता?”

“बटण दाबायला काय अक्कल लागते? जा.”

मी पर्पेतुआच्या समोर जमिनीवर बसलो. खाली मान घालून सगळं सांगितलं.

तिने विचारलं, “हातात काय होतं त्याच्या?”

“पाण्याचा डबा.”

“बंदूक?”

“नव्हती, मावशी.”

“मला ताप होता त्या दिवशी,” ती म्हणाली. “मीच पाठवलं होतं पाण्याला.”

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी उतारावर खणलं. मुळ्या हाडांत शिरल्या होत्या. बोनिफासच्या लोकांनी आणि माझ्या लोकांनी मिळून त्या बोटांनी सोडवल्या. माझी बायको दूर बसून रडत होती. कुऱ्हाड आणू का, असं कोणीतरी विचारलं.

“माड तोडायचा नाही,” पर्पेतुआ म्हणाली. “त्यानंच तर राखण केली. क्लेमेंट, चढ वर. शहाळं काढ.”

मी चढलो. तिने शहाळ्याच्या पाण्याने एकेक हाड धुतलं, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं. उरलेलं पाणी करवंटीत ओतून माझ्यापुढे धरलं. वैर मिटवण्याला आमच्याकडे पोट थंड करणं म्हणतात, आणि ते एकट्याने होत नाही.

“मावशी, हे नको. दुसरं काहीही सांग.”

“पी म्हटलं ना! तुझं पोट जळत राहिलं तर माझं कसं थंड होईल?”

मी प्यालो. पाणी गोड होतं. त्याचंच मला रडू आलं.

हाडांचं गाठोडं तिने कोणालाच उचलू दिलं नाही. स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.

बोनिफासचं त्या दिवसाचं चित्रण पार बिघडलं होतं. तो रडत होता आणि कॅमेरा खाली झुकला होता, हे त्याला कळलंच नाही. पडद्यावर फक्त माती दिसते, रिकामी करवंटी दिसते आणि दोघांचे पाय. आम्ही ते तसंच दाखवतो. शेवटी म्हातारीचे पाय हळूहळू चौकटीबाहेर जातात. माझे तिथेच राहतात.