नऊ नंबरचा जोड

साडूनं ट्रकच्या मागच्या पायरीवर पाय ठेवून नाडी आवळली, तशी सगळी टोळी चहाचे कप घेऊन त्याच्याभोवती जमली.

"अरे वा! लग्नाला निघालास की काय?"

"चामडं बघ, चामडं. आणि सोल शिवलेला आहे रे, चिकटवलेला नाही."

"एकेकानं या," साडू हसत म्हणाला आणि त्यानं पाय पुढे केला.

टोळीचा रिवाजच होता तो. कोणी नवे बूट घालून रस्त्यावर आलं की प्रत्येकानं आपला डांबरानं माखलेला पाय एकदा त्या बुटांवर द्यायचा. नवलाई तिथंच संपते आणि बूट कामाला लागतात. रोलरवाल्यानं पाय दिला, भट्टीवाल्यानं दिला, मुकादमानंही देऊन घेतला. सगळ्यात शेवटी लेव्हलदादा आला.

लेव्हलदादा म्हणजे टोळीचा दंताळेवाला. ट्रकमधून गरम माल रस्त्यावर ओतला की तो दंताळ्यानं पसरायचा, सारखा करायचा आणि मग त्यावरून रोलर फिरायचा. बावीस वर्षं हेच. सपाटी बघायला ह्याच्या डोळ्याला पाणसळ लागत नाही, असं मुकादम प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगायचा, त्यावरून हे नाव पडलेलं. साडूला टोळीत आणलं तेही त्यानंच, सहा वर्षांपूर्वी. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, हाताला काम नाही, बरं दिसत नाही म्हणून.

त्यानं पाय ठेवला नाही, हाणला. बुटाचं नाक रिकाम्या खोक्यासारखं खाली बसलं. साडूच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"बोटं कुठं आहेत रे तुझी?"

"आतच आहेत, साडूभाऊ. मजेत आहेत."

दिखाव्यासाठी मोठा जोड घेतला गड्यानं, लेव्हलदादा मनात म्हणाला आणि उरलेला चहा त्यानं मातीत ओतून दिला.

एरवी कोणी चांदीचे बूट घातले असते तरी त्यानं ढुंकून पाहिलं नसतं. पण कंपनीनं फलकावर कागद चिकटवला होता: एक तारखेपासून ज्याचे बूट बंद आणि धड नसतील, त्यानं गरम मालावर उभं राहायचं नाही. कागद वाचून झाल्यावर मुकादमानं सगळ्यांच्या देखत लेव्हलदादाच्या पायांकडे पाहिलं होतं. डाव्या बुटाचा सोल पुढून सुटलेला, आणि तो बांधायच्या तारेचे तीन वेढे घालून जागेवर धरलेला.

"तुझं बघ बाबा," मुकादम म्हणाला होता. "नाहीतर मला तुला झेंडी देऊन वळणावर उभं करावं लागेल."

"आणि दंताळं?"

"धरेल कोणीतरी."

तो कोणीतरी आज ट्रकच्या पायरीवर बसून नाड्या आवळत होता.

नवे बूट घ्यायला लेव्हलदादाला कोणी अडवलं नव्हतं. अडवलं होतं डाव्या टाचेनं. आठ वर्षांपूर्वी तिच्यावर डांबर सांडलं. जखम भरली, पण वर एक टेंगूळ राहिलं आणि त्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. नव्या बुटाची कडक टाच अर्ध्या दिवसात ती सोलून काढायची. त्यानं दोनदा नवे जोड घेऊन पाहिले. दुसरा तर त्यानं भर कामात काढून गटारात भिरकावला आणि अनवाणी घरी आला. तेव्हापासून जुना जोड आणि तार.

घरी तरी डोक्याला शांतता असावी, तर तेही नाही.

"अहो, तुमच्या साडूंचे बूट कसे आहेत हो?" बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं.

"बुटांसारखे."

"जड आहेत का? टाचेला कडक वाटतात का?"

"मी काय त्याची टाच चाटायला जातो?"

ती हसली. हसली म्हणजे काय! दुसऱ्याच्या नवऱ्याच्या बुटांवर एवढं हसू!

रविवारी तर तिनं कहर केला. धाकटी आणि साडू दुपारी घरी आले होते. साडू जरा लंगडत आत आला आणि बूट दाराशी काढून बसला. बायको बाहेर गेली ती गेलीच. लेव्हलदादानं मान लांब करून पाहिलं तर ती उंबऱ्यात उकिडवी बसून एका बुटात कोपरापर्यंत हात घालून आतून चाचपत होती. मग तिनं अंगठ्यानं टाच दाबली, एकदा, दोनदा, आणि धाकटीकडे बघून मान हलवली.

"अजून आठेक दिवस लागतील, नाही?" ती म्हणाली.

"लागतील," धाकटी म्हणाली.

"कसले आठ दिवस?" लेव्हलदादानं आतून विचारलं.

"काही नाही हो. आमचं आपलं."

"माझे बूट उचललेस का कधी असे?"

"तुमचे उचलायला चिमटा लागतो."

सगळे हसले, साडू सगळ्यात जोरात. लेव्हलदादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच बाईनं गेल्या महिन्यात, अशाच एका दुपारी, तो झोपलेला असताना त्याच्या पायावरचं झुरळ हाकललं होतं. तळव्याला गुदगुल्या झाल्या म्हणून तो दचकून उठला, तर ही पायाशी बसलेली. "झुरळ होतं, झोपा तुम्ही," म्हणाली होती. तेव्हा नवऱ्याच्या पायांची केवढी काळजी! आणि आता सगळं कौतुक त्या आखूड पायांच्या माणसाचं. त्याला साडूचा हेवा वाटत होता आणि हेवा वाटतो याचा आणखी राग येत होता.

मंगळवारी पाण्याच्या टँकरचा पाइप निसटला आणि साडू गुडघ्यापर्यंत भिजला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं बूट पुसून झाडाखाली सावलीत ठेवले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आणि तिथंच आडवा होऊन डोळे मिटले. त्याच्या दोन्ही पायांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. लेव्हलदादाला त्या चिंध्या पाहून बरं वाटलं. घे मिजास, म्हणाला तो मनात.

बाकीचे पलीकडे भिंतीच्या आडोशाला पत्ते खेळत होते. लेव्हलदादा उठला. आपण काय करतोय हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण डांबराच्या कामावरच्या माणसाला पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट शिकवतात: ओलं चामडं भट्टीच्या तोंडाशी ठेवायचं नाही. ते भाजतं, आकसतं आणि मग फुटतं. त्यानं बूट उचलले, बोळे काढून खिशात घातले आणि जोड भट्टीच्या तोंडासमोर, राखेत, नीट ओळीत ठेवला. मग शेजारी उभा राहून त्यानं एक विडी ओढली. चामड्यातून वाफ निघायला लागली. वाफ थांबेपर्यंत तो तिथं उभा होता.

साडू उठला तेव्हा बूट झाडाखाली होते, बोळ्यांसकट. त्यानं डावा बूट हातात घेतला. पाऊल वाकतं तिथं, आडवी, बोटभर लांब चीर पडली होती, हिवाळ्यात टाचेला पडते तशी. साडूनं तिच्यावरून अंगठा फिरवला. त्यानं वर झाडाकडे पाहिलं, मग भट्टीकडे.

"उन्हात राहिले वाटतं," तो म्हणाला.

झाडाखाली ऊन नव्हतंच. लेव्हलदादा दंताळं घासत बसला. साडू आरडाओरड करेल, शिव्या देईल, मग आपणही दोन देऊ, अशी त्याची तयारी होती. पण साडूनं बूट चढवले आणि लंगडत मालाकडे गेला.

महिना संपायला एक दिवस उरला. संध्याकाळी काम सुटल्यावर लेव्हलदादा एकटाच बाजारातल्या बुटांच्या दुकानात गेला. टाच सोलली तर सोलली, पण झेंडी घेऊन वळणावर उभं राहून साडूच्या हातातलं दंताळं बघायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं.

दुकानात एक वयस्कर बाई होती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"बरं केलंत संध्याकाळी आलात," ती म्हणाली. "सकाळी बूट घेणारे दुपारी शिव्या देतात. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, तेव्हाच माप घ्यायचं. काम कसलं?"

"डांबराचं."

"मग पुढे लोखंडी टोपीवाले नकोत. लोखंड तापतं, बोटं शिजतात. नुसतं जाड चामडं, शिवलेला सोल. काढा ते."

त्यानं तारेचे वेढे सोडवले. बाईनं त्याचं डावं पाऊल मांडीवर घेतलं, टाचेचं टेंगूळ पाहिलं, करंगळीजवळच्या आडव्या बोटाकडे पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हा पाय माझ्याकडे येऊन गेलाय."

"मी तर पहिल्यांदाच येतोय."

"तुम्ही नाही हो. पाय."

तिनं गल्ल्याखालचा खण ओढला आणि घडी घातलेला एक कागद काढला. कॅलेंडरचं पान होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं पावलाची रेघ काढलेली, तळव्यापाशी एकदम वाकडी झालेली, जणू पाय मध्येच हलला असावा. टाचेवर फुली होती. शेजारी त्याच्या बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: इथे खूप मऊ हवं. अंगठ्यापुढे एक बोट जागा.

लेव्हलदादानं कागद उलटा करून पाहिला. त्यांच्याच स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, गेल्या महिन्याचं पान.

"दोन बायका आल्या होत्या," बाई म्हणाली. "बहिणी असाव्यात, नाकं सारखी. बरोबर एक बारका माणूस. मी स्पष्ट सांगितलं, माझ्याकडचा सगळ्यात मऊ जोड देते, पण चांगलं चामडं पंधरा-वीस दिवस चावणारच. त्याला इलाज नाही. ही टाच तेवढं सोसणार नाही. तर तो माणूस म्हणाला, मग मी घालतो तेवढे दिवस. मला चावू देत." ती हसली. "त्याचा नंबर आठ, जोड नऊचा. पुढे कापूस कोंबून दिला मी. म्हणाला, ज्याचे आहेत त्याला आधी कळलं तर तो घ्यायचा नाही, फेकून देईल. एक तारखेलाच देणार म्हणाला."

लेव्हलदादानं कागदाची घडी होती तशी परत घातली.

"मग तुम्ही आज इथं कसे?" बाईनं विचारलं. "जोडात काही खोट निघाली का?"

"जोडात नाही," तो म्हणाला.

त्यानं जुना बूट पायात घातला आणि तार गुंडाळायला घेतली. तिसरा वेढा काही केल्या जमेना. शेवटी बाईनंच खाली वाकून टोक पिळून दिलं.

घरी बायकोनं उशीर का झाला विचारलं, तर तो म्हणाला, चालत आलो. जेवताना त्यानं दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा ती दुसरीकडे बघत होती, गालातल्या गालात हसत.

एक तारखेला सकाळी साडू ट्रकच्या पायरीवर बसला होता. टोळी अजून यायची होती. त्यानं नाड्या सोडल्या, बूट काढले, पुढचा कापूस उपसून फेकला आणि जोड लेव्हलदादासमोर ठेवला. पिशवीतून स्वतःचे जुने बूट काढले.

"बघा घालून, साडूभाऊ. बायकांचा हुकूम आहे, नाही म्हणायचं नाही."

लेव्हलदादा शेजारी बसला. त्यानं डावा पाय आत सरकवला. टाच सरळ खाली बसली, कुठंही अडली नाही. तो उभा राहिला, चार पावलं चालला, परत आला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला डावा पाय आहे हे आठवलं नाही. फक्त पाऊल वाकलं की चीर किंचित उघडायची आणि मिटायची.

"मेण भरलंय मी त्यात," साडू म्हणाला. "बुटाला धोका नाही. पण पाण्यात उभं राहिलात तर मोजा भिजेल."

"अरे, ते बूट त्या दिवशी..." लेव्हलदादानं सुरुवात केली आणि तो तिथंच अडकला. लाजेनं त्याचे कान तापले होते.

साडू खाली वाकून जुन्या बुटांच्या नाड्या बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"भट्टीपुढे राखेत ठसे होते," तो म्हणाला. "तारेच्या तीन रेघा. मुकादम यायच्या आत मी पाय फिरवून पुसले."

त्यानं दुसरी नाडी बांधली. लांबून रोलर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि टोळी चहाचे कप घेऊन येताना दिसली.

"ओ लेव्हलदादा! हे साडूचे बूट तुझ्या पायात कसे?" रोलरवाला ओरडला.

"माझेच आहेत," लेव्हलदादा म्हणाला. "नवे. चला, पाय द्या."

"वीस दिवस झाले त्यांना! नवे कसले?"

"द्या म्हणतो ना."

हसत हसत एकेकानं पाय दिला. रोलरवाल्यानं, भट्टीवाल्यानं. मुकादमानं देताना बूट निरखून पाहिले, चिरेवर नजर थांबवली, आणि "चालतंय, धर दंताळं," म्हणून पुढे गेला. शेवटी साडू राहिला.

लेव्हलदादानं डावा पाय पुढे केला.

"हाण," तो म्हणाला.

साडूनं पाय उचलला, चीर वाचवून बुटाच्या कडेला नुसता टेकवला, आणि आपला चहा आणायला निघून गेला.