लग्नाच्या राकियाला तंबाखूचा वास

आमच्या गावात मुलीच्या लग्नात पहिला प्याला बापाने भरायचा असतो, आणि तोही स्वतःच्या झाडांच्या आलुबुखारांपासून काढलेल्या राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा. विकतची बाटली उघडली तर पाहुणे तोंडाने काही बोलत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतात. ते बघणं बापाला जन्मभर पुरतं. म्हणून पर्वानच्या लेकीचं, रोसित्साचं लग्न ठरलं तेव्हा गावाने नवऱ्या मुलाची चौकशी नंतर केली. आधी विचारलं, "पर्वान, आंबवण कसं आलंय?"

आंबवण झकास आलं होतं. परसात ठेचलेल्या आलुबुखारांची पिपं बुडबुडत होती. लग्न संत दिमितारच्या सणानंतरच्या रविवारी होतं, आणि त्याआधी भट्टीवर पर्वानची पाळी लागणार होती.

गावाची भट्टी एकच. तांब्याचा मोठा हंडा, वर टोपण, टोपणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या पिपातून फिरते आणि खाली धार सोडते. ही भट्टी मी सांभाळतो. माझ्याआधी माझा सासरा सांभाळायचा. शरदात घरोघरची राकिया हिच्यातूनच निघते, आणि रीत अशी आहे की उद्या ज्याची पाळी त्याच्याकडे आज किल्ली. त्याने लाकडं आणायची, हंडा घासायचा, पाणी भरून ठेवायचं.

पर्वान माझा शेजारी. त्याने जन्मभर तंबाखू लावली, तंबाखू खुडली आणि तंबाखू ओढली. छातीतली घरघर वाढली तेव्हा डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगितली, आणि रोसित्साने प्लोव्हदिव शहरातून त्याला व्हेप, म्हणजे वाफ ओढायची विजेची नळी, आणून दिली. "बाबा, आधी यावर या. मग हळूहळू हेही सोडा," ती म्हणाली. पर्वानने सिगारेट सोडली ती सोडलीच. पण ते आंब्याच्या वासाचं व्हेप त्याच्या ओठांना असं चिकटलं की त्याची बायको वेलिका म्हणायची, "याच्या आईने याचं दूध तोडलंच नसणार."

एकदा त्यानेच मला सांगितलं, "स्तामेनदादा, सिगारेट निदान संपते तरी. संपली की माणूस उठतो, कामाला लागतो. हे मेलं संपतच नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात याला शोधत असतो."

ऑक्टोबरात टीव्हीवर बातमी आली की व्हेपच्या रसावर सरकार आता जबर कर बसवायचं म्हणतंय. खानावळीत दुसरा विषय उरला नाही.

"बसवू दे की," रुस्को म्हणाला. रुस्को म्हणजे आमच्यातलं सगळ्यात जुनं धुरांडं. "आमच्या सिगारेटवर कर वाढला तेव्हा तुझ्या डोळ्यांत नाही पाणी आलं ते."

"तुझा धूर आहे, माझी वाफ आहे," पर्वान म्हणाला. "उद्या चहाच्या किटलीवर कर लावतील!"

"किटली कोणी उशाशी घेऊन झोपत नाही रे."

"महाग झालं तर सुटेल तरी," मी म्हणालो.

"सोडायचं तेव्हा माझं मी सोडीन. मंत्र्याने का सांगावं?"

"पोरीने सांगून बघितलं, बायकोने सांगून बघितलं. आता मंत्र्याला बघू दे," रुस्को म्हणाला.

सगळे हसले. पर्वान हसला नाही. तो विचारात पडला होता, आणि पर्वान विचारात पडला की गावाचं काहीतरी बिघडतं. मागे असाच विचार करून त्याने विहिरीत मासे सोडले होते.

या वेळचा त्याचा विचार असा होता. आलुबुखार आपले, भट्टी आपली, म्हणून राकिया कोणी दुकानातून आणत नाही. मग तंबाखूही आपली आणि भट्टीही आपली असताना व्हेपचा रस तरी दुकानातून का आणावा? घरचा काढावा, मग सरकारने खुशाल कर लावावा. दुसऱ्या कुठल्या गावात हे कोणाला सुचलं नसतं. आमच्याकडे मात्र हंड्याखाली जाळ घातला की धोंड्यातूनही काहीतरी पिण्याजोगं निघेल, अशी लोकांची श्रद्धा आहे.

संत दिमितारचा दिवस उजाडला. त्या दिवशी ज्याचं नाव दिमितार, त्याच्या घरी सगळ्यांनी न बोलावता जायचं असतं, आणि आमच्या गावात दिमितार पोत्याने आहेत. भट्टीला सुट्टी होती. किल्ली पर्वानकडे होती, कारण दुसऱ्या दिवशी पाळी त्याची.

मी एका दिमितारकडे कोकराच्या मटणावर हात मारत बसलो होतो. दुपारी वाऱ्याबरोबर तंबाखूचा उग्र वास आला. कोणी मान वर केली नाही. त्या दिवसांत आमच्या प्रत्येक ओसरीवर पानांच्या माळा टांगलेल्या असतात. आमच्या गावाला तंबाखूचा वास येणार नाही तर काय गुलाबाचा येणार?

तेवढ्यात वेलिका धापा टाकत दारात आली. "स्तामेनदादा, लवकर चला. आमचे हे झाडाला मिठी मारून उभे आहेत, सोडत नाहीत."

जाऊन बघतो तर खरंच. भट्टीमागच्या अक्रोडाला पर्वान दोन्ही हातांनी कवटाळून उभा, आणि तोंडाचा रंग कच्च्या टोमॅटोसारखा.

"झाड सोड," मी म्हणालो.

"सोडलं की जमीन फिरते, दादा."

ही भोवळ आम्हाला नवी नाही. पहाटे दंवाने भिजलेली पानं खुडताना तंबाखू कातडीतून अंगात भिनते आणि माणूस ओकत सुटतो. पण याने हंडा भरून पानं उकळली होती, आणि टोपणाच्या फटीवर वाकून 'झालं का, झालं का' बघत बसला होता. धारेखालच्या भांड्यात पिवळट पाणी जमलं होतं.

"हे चाखलंस?" मी ओरडलो.

"चाखणारच होतो. त्याआधी झाडाकडे यावं लागलं."

"अरे गाढवा, याच पाण्याने आपण कोबीवरची कीड मारायचो! एक घोट घेतला असतास तर रविवारी वऱ्हाडाला तुझ्याच मयतीला बसवलं असतं."

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी त्याला तपासलं, झोपवलं आणि इतकं झापलं की आम्हा बाकीच्यांना बोलायला काही उरलं नाही. ते पाणी मी ओढ्यापासून लांब खड्डा खणून गाडलं. पर्वान संध्याकाळपर्यंत उठून बसला. भट्टी मात्र बाटली होती.

तांबं वास धरतं, आणि नळीत बसलेला वास सहजासहजी निघत नाही. आम्ही राखेने घासलं, कोंड्याचं पाणी उकळून नळीतून काढलं, पुन्हा घासलं. मग खरी अडचण समोर आली. वास गेला की नाही, हे सांगणार कोण?

रुस्कोने नळीच्या तोंडाला नाक लावलं. "फस्कलास! काही वास नाही."

"तुझ्या शेजारी बोकड मेला तरी तुला वास येणार नाही," वेलिका म्हणाली.

"मग तू सांग."

"मला देवळातल्या तीर्थालासुद्धा तंबाखूचा वास येतो. माझा जन्म त्या पानांत गेला."

मी हुंगलं, मला काही कळलं नाही. ज्याने त्याने हुंगलं. कोणाला सगळीकडे वास येत होता, कोणाला कुठेच नाही. अख्खं गाव तंबाखूवर जगलेलं, आणि तंबाखूचा वास ओळखणारं एक नाक गावात नव्हतं.

पाळीत पर्वानच्या मागे दोब्रिनामावशी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझी द्राक्षं मी या चिलमीत घालणार नाही. आधी पर्वानचे आलुबुखार जाऊ देत. लग्न त्याचं, नाक कापलं गेलं तर त्याचंच जाईल."

पर्वान खाली मान घालून बसला होता. पिपांतलं आंबवण बिघडलं तर वर्षाचं फळ गेलं, आणि लेकीच्या लग्नात विकतची बाटली. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. वेलिकाने नुसतं बघितलं, आणि हात परत आला.

बुधवारी रोसित्सा आली. बरोबर होणारा नवरा बोयान. तो शहरात चीज बनवतो, शांत मुलगा आहे. सगळा प्रकार ऐकून रोसित्साने बापाला अंगणात उभं करून फैलावर घेतलं.

"बाबा, तुम्ही लहान आहात का? मी मनात आणलं आणि माझं व्हेप सोडलं की नाही? तुम्हालाच का जमत नाही?"

"तू तरुण आहेस, बाळा."

"तरुणपणाचा काय संबंध? मनाचा हिय्या लागतो!"

"चला, नाक सापडलं," दोब्रिनामावशी म्हणाली. "हिने सोडलंय ना? मग हुंग गं तू."

आम्ही नळीतून काढलेलं कोंड्याचं पाणी भांड्यात घेऊन तिच्यापुढे धरलं. रोसित्साने डोळे मिटून हुंगलं. "अगदी स्वच्छ आहे," ती म्हणाली. "दंवासारखं."

पर्वानने उडी मारली आणि पिपाकडे धावला. तेवढ्यात बोयान पुढे झाला. "मी बघू?" त्याने भांडं नाकाजवळ नेलं आणि झटक्यात लांब धरलं. "हे काय आहे? रक्षापात्र धुतलेलं पाणी?"

सगळ्यांचे डोळे भांड्यावरून रोसित्साकडे वळले. ती लाल होत गेली.

वेलिका सरळ चालत गेली आणि लेकीच्या कोटाच्या खिशात हात घातला. बाहेर आलं ते गुलाबी रंगाचं, टरबुजाच्या वासाचं व्हेप.

"मनाचा हिय्या!" रुस्को टाळी वाजवून म्हणाला. "याचा वास तर मलाही येतोय."

"बोयान, मी सांगणारच होते..." रोसित्सा पुटपुटली.

"मला माहीत होतं," बोयान म्हणाला. "तू न्हाणीघरातून आलीस की टरबूज खाऊन आल्यासारखी येतेस. म्हटलं, सांगेल कधीतरी."

पर्वान हसत सुटला. इतका हसला की त्याला खोकला आला. "माझी पोर ती! अगदी माझ्यावर गेली!" मग लेकीजवळ जाऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुलाही उठल्या उठल्या शोधावं लागतं का गं?"

ती मान खाली घालून हो म्हणाली.

बोयानच्या नाकाखाली आम्ही पुन्हा घासायला बसलो. लिंबू, मीठ, राख, उकळतं पाणी. दर वेळी तो हुंगून म्हणायचा, "अजून." शेवटी म्हणाला, "पाण्याला तर नाही येत." पण पाण्याचं काही खरं नसतं. पाण्याला न सापडलेला वास दारू नळीतून ओढून काढते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि लग्नाच्या राकियाला नवऱ्या मुलाने लग्नाआधी नाक लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बापाने हुंगायची, बापाने चाखायची, बापाने म्हणायचं की ही पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी आहे.

"मग माझंच नाक कामाला लावायचं," पर्वान म्हणाला. त्याने आपलं व्हेप काढलं, लेकीचं घेतलं आणि दोन्ही दोब्रिनामावशीच्या हातात दिली. "मावशी, शनिवारी हंडा चढवायचा, तोवर नाक मोकळं व्हायला हवं. मी पाया पडलो तरी देऊ नकोस."

"तू पाया पडून तर बघ," मावशी म्हणाली.

ते दिवस गावाने फार आनंदात काढले. पर्वान आणि रोसित्सा अंगणात बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचे, टरफलांचा ढीग व्हायचा. पर्वानने सबंध हिवाळ्याची लाकडं फोडली आणि मग माझीही फोडली. रोसित्साने पडदे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. बापलेकीची भांडणं कुंपणापलीकडे ऐकू यायची.

"बाबा, पाय हलवू नका!"

"पाय माझा आहे!"

"मग माझ्यासमोर हलवू नका!"

"तुला मी जन्म दिला ते हे ऐकायला?"

"जन्म आईने दिला!" आतून वेलिका ओरडायची.

एकदा पर्वान खरंच दोब्रिनामावशीच्या दाराशी गेला. मावशीने त्याला भोपळ्याची भाकरी खायला घातली आणि परत पाठवलं. तो खाऊन मुकाट्याने परत आला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "दादा, भाकरीत दालचिनी होती." हे त्याने असं सांगितलं, जणू तिच्या घरात सोनं सापडलं.

शनिवारी सकाळी हंडा भरला. मी जाळ मंद ठेवला. टोपणाच्या कडा पिठाने लिंपल्या. सगळे जमले, बोयानला मात्र रस्त्यापलीकडे उभं केलं. पहिली धार फेकून दिली, ती नेहमीच फेकतात. मग पर्वानने प्याला धरला. 

त्याने हुंगलं. थांबला. परत हुंगलं.

"काय?" वेलिकाने विचारलं.

"धूर येतोय."

दोब्रिनामावशीने कपाळाला हात लावला.

"लाकडाचा," पर्वान म्हणाला. "बाहेरचा, जाळाचा. प्याल्यात नाही. प्याल्यात... थांबा." त्याने डोळे मिटले. "प्याल्यात आलुबुखार आहे. साल आहे. कुंपणाजवळच्या झाडाचे उशिरा उतरवलेले, थोडे सुरकुतलेले आहेत ना, ते आहेत. आणि बियांचा कडवटपणा, अगदी मागून येतो." त्याने एक घोट घेतला आणि डोळे उघडले. "तंबाखू नाही. पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी आहे."

एकच गलका झाला. रुस्कोने बोयानला मिठी मारायला रस्ता ओलांडला.

रोसित्साने बापाच्या हातातून प्याला घेतला आणि बराच वेळ नाकाशी धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मला अजून नुसतं तिखट झोंबतं. बाकी काही येत नाही."

"येईल," पर्वान म्हणाला. "घाई कशाला? तोवर मी सांगतो, तू ऐक."

आणि धार पडत असताना तो लेकीला सालीपासून पुन्हा सांगायला लागला.