पुराची लाल पट्टी

"खाली घे. अजून खाली. हां, घोट्यापाशी," विमलाबाई भिंतीजवळ उकिडव्या बसून सांगत होत्या.

"तुमच्या घरात पाणी छातीले लागलं होतं, विमलाबाई," पुनाजी म्हणाला. त्याच्या एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश.

"लागलं असंन. पण उद्या आमच्या धीरजच्या सोयरिकीचे पाव्हणे घर पाहाले येऊन राह्यले. छातीवर पट्टी पाह्यली तं पोरीचा बाप चहा तरी पिईन काय?"

पुनाजी गावचा कोतवाल. वणा नदीकाठच्या गावांना पुराचा धोका किती, हे ठरवायला तहसिलातून हुकूम सुटला होता. मागचा पूर ज्या घरात जिथवर चढला, तिथे भिंतीवर लाल पट्टी मारायची. उद्या तहसीलदार मॅडम येऊन पाहणार. हुकूम तसा सोपा होता, गाव मात्र सोपं नव्हतं.

शेजारच्या लक्ष्मणरावांचं नेमकं उलटं. ज्याची पट्टी उंच त्याला टेकडीवर जागा मिळणार, अशी वावडी त्यांच्या कानावर आली होती. भिंतीला पाठ लावून ते ताठ उभे राहिले आणि मिशीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं मार."

कुणाला नाही म्हणणं पुनाजीला जन्मात जमलं नव्हतं. दुपारपर्यंत त्या गल्लीत पूर एका भिंतीवर घोट्याशी लोळत होता आणि तिला लागूनच्या भिंतीवर मिशा भिजवत होता.

उरलं एकच घर, सगळ्यात खालचं, नदीकडचं. त्याचं स्वतःचं. तिथे येताच त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"आपल्या घराले काऊन नाई पट्टी?" त्याच्या बायकोनं, पंचफुलानं अंगणातून विचारलं.

"रंग सरला."

पंचफुलानं डबा हिसकावून उघडला. "मंग हे काय, शेवयाची खीर हाय?"

पुनाजी ओशाळला. त्या पुरात पहाटेच वीज गेली, पुराचा इशारा देणारा भोंगा मुका झाला, म्हणून तो दारांवर थापा देत गावभर फिरला होता. घरून निघाला तेव्हा अंगण कोरडं होतं. परतला तेव्हा पाण्याबाहेर नुसती छपराची कवेलू दिसत होती आणि बायको कडुलिंबावर बसली होती, मांडीवर शेळी घेऊन. साऱ्या गावाला उठवलं आणि बायकोच राहून गेली, ही गोष्ट पानठेल्यावर अजून चवीनं सांगितली जाई. पुनाजीही सगळ्यांबरोबर हसे. मग घरी आल्यावर त्याला घास गिळवत नसे.

"आपल्याले भिंत पुरत नाई. झाडावर मारा," पंचफुला म्हणाली.

पन्नाशीचा पुनाजी डबा घेऊन धापा टाकत लिंबावर चढला. ती खालून सांगत होती, "वर. अजून वर. पॅन्ट सांभाळा." फांद्यांच्या दुबेळक्यापाशी शेळीचा दोर अजून बांधलेला होता, सालीत रुतलेला. तो तिथेच टेकला. समोर सगळी गल्ली उघडी पडली होती.

"इथून मी दिसत होतो काय वं तुले?"

"दिसत होते ना. लक्ष्मणरावायचं दार ठोकून राह्यले होते."

"मंग आवाज काऊन नाई देला?"

पंचफुला शेळीपुढे पाला टाकत राहिली. "देला असता तं तुमी माघारी धावले असते. त्यायची नात आत निजून होती."

 पुनाजीनं ब्रश बुडवला आणि खोडाभोवती पट्टी ओढली. मग तिच्यावरून आणखी एक हात मारला, मग आणखी एक.

"बस झालं," पंचफुला ओरडली. "झाड हाय ते, नवरदेव नाई."

खाली उतरून तो डबा घेऊन थेट गल्लीत निघाला. विमलाबाई धसकून दारात आल्या. "आता काय?"

"पट्टी छातीवर न्या लागते. लक्ष्मणरावायची खाली. पाव्हण्यायले सांगजा, पाणी आलं तं कोतवालाची पह्यली थाप याच दारावर पडन."

"दुसरी," शेळी घेऊन मागोमाग आलेली पंचफुला म्हणाली.

पुनाजीनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"हो, दुसरी," तो म्हणाला आणि विमलाबाईंच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर ब्रश टेकवला.