मनगट, खांदा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे, पण टीव्हीचा नव्हे. त्याच्यासारखी माझ्या अंगावर बटणांची गर्दी नाही. मला एकच मोठं बटण आहे, बाकी सगळी करामत हलवण्याची. मला हातात धरून हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडू आपली रॅकेट फिरवतो. माझ्या पोटात नखाएवढा एक तुकडा आहे. कोणी मला किती जोरात आणि कुठल्या दिशेला हलवलं, ते त्याला कळतं.

कारखान्यात मला शेकडो वेळा हलवून पाहिलं आणि मगच खोक्यात घातलं. खोक्यावर एक हसरं कुटुंब होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘ज्यांना खेळ जमत नाहीत, त्यांनाही मजा येईल!’ हे खरं की नुसतीच जाहिरात, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

पहिल्या घरात उत्तर मिळालं नाही. दोन महिने पाहुण्यांनी मला हौसेनं फिरवलं, मग नवलाई ओसरली आणि माझी रवानगी खणात झाली. तीन वर्षं मी तुटके चार्जर आणि एका बिनकाट्याच्या घड्याळाशेजारी काढली. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? मग त्या घराला रंग द्यायला एक रंगारी आला. खण रिकामे करताना घरमालकीण त्याला म्हणाली, “हे पडूनच आहे. घरी मूल असेल तर घेऊन जा.” रंगाऱ्यानं मला, माझ्या जुळ्या भावाला, म्हणजे जोडीच्या रिमोटला, आणि टीव्हीला जोडायच्या आमच्या खेळाच्या यंत्राला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं.

दोन खोल्यांचं ते घर. रंगाऱ्याची मुलगी दहा वर्षांची. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसभर शिवणी बघायच्या आणि प्रत्येक शर्टाला ‘पास’ किंवा ‘परत’ म्हणायचं, हे तिचं काम. घरात आधीच एक बटणांचा गेम होता. पहिल्याच संध्याकाळी भिंगरी आणि बाबा त्यावर गाड्यांची शर्यत खेळले. बाबाला बटण सापडेपर्यंत त्याची गाडी खड्ड्यात गेलेली असे. चौथ्यांदा गेल्यावर भिंगरी म्हणाली, “बाबा, तू राहू दे. मी एकटीच खेळते.” बाबा “बरं” म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला. ब्रश आधीच धुतलेले होते.

रविवारी सकाळी आमचा टेनिसचा खेळ लागला. मी बाबाच्या हातात, जुळा भाऊ भिंगरीच्या हातात. मित्रांनो, काय हात होता तो! वीस वर्षं भिंतीवर रोलर फिरवलेला. तो चेंडू मारत नव्हता, छताला पहिला हात देत होता. दुसऱ्याच फटक्याला त्याची बोटं कपाटाच्या मुठीवर आपटली. तो कळवळला, मग हसला आणि हसता हसता पॉइंट जिंकला. भिंगरी ओरडली, “बाबा, तुला येतंय की!” तो म्हणाला, “मग? मला काय समजलीस?” त्या दिवशी ब्रश संध्याकाळपर्यंत तसेच राहिले. मला वाटलं, खोक्यावरचं खरं निघालं.

सहा रविवार असे गेले. सातव्या रविवारी भिंगरीचा कॉलेजातला मावसभाऊ आला. बाप-लेकीला घामाघूम होताना पाहून तो पोट धरून हसला. “एवढा हात कशाला फिरवता? सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटका. रिमोटला काय कळतंय!”

मला लाज वाटली, कारण तो खरं बोलत होता. मला खांदा कळत नाही, कोपर कळत नाही. पूर्ण हाताचा फटका आणि मनगटाचा तेवढाच जोरदार झटका, माझ्या लेखी दोन्ही सारखेच.

भिंगरी पाय दुमडून सोफ्यावर बसली. टिच, टिच, टिच. बाबाचा हात मागे जाईपर्यंत तिचा चेंडू परत आलेला असे. सहा-शून्य. पुन्हा सहा-शून्य. बाबानं मला हळूच टीपॉयवर ठेवलं आणि म्हणाला, “छान खेळतेस. मी जरा ब्रश बघतो.” पुढच्या रविवारी तो खेळायला बसलाच नाही. भिंगरी यंत्राशी खेळली, प्रत्येक डाव जिंकली आणि अर्ध्या तासात तिनं टीव्ही बंद केला.

दोन दिवसांनी बाबा कामावरून लवकर आला. घरात कोणी नव्हतं. त्यानं मला उचललं, सोफ्यावर बसला आणि मनगट झटकायला लागला. मुलीबरोबर खेळता यावं म्हणून माणूस गुपचूप सराव करत होता! त्याला ते जमलंही. तो जिंकत होता, पण चेहरा बँकेत फॉर्म भरणाऱ्यासारखा. भिंगरी शाळेतून आली आणि दारातच थांबली. बराच वेळ बघत राहिली.

“बाबा, असं नको खेळू.”

“का गं? जिंकतोय ना?”

“मला नाही आवडत. ऊठ ना. आधीसारखा मार.”

“आधीसारखा मारला की हरतो मी.”

 भिंगरीनं सोफा ढकलत ढकलत पार भिंतीला नेऊन लावला. तेवढ्यात आई आली. भिंगरीनं तिला पर्स ठेवायचीही उसंत न देता खुर्चीवर बसवलं. “आई, तू तपासनीस. हात खांद्याच्या वर गेला तरच फटका पास. नाहीतर परत.”

आई म्हणाली, “अगं, घरी पण तेच काम का?” पण बसली. आणि तिची नजर, बाप रे! “हा परत. हाही परत, नुसतं मनगट आहे. अहो, तुमचा पास! भिंगरे, कोपर वर!” भिंगरी उड्या मारत होती, बाबा हाशहुश करत होता, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू काय चाललंय म्हणून वर आल्या, त्या तिथंच बसल्या.

डाव संपला. पडद्यावर भिंगरीचं नाव झळकलं. आई म्हणाली, “चूक. बाबाचे नऊ पास, तुझे सात.” भिंगरीनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, “बाबा, अजून एक डाव!”

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझं बटण चार वेळा दाबल्यावर एकदा लागतं. मला खेळायला घ्याल तेव्हा माझी दोरी मनगटात अडकवा. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. ते आतल्या आत पाझरतात आणि आम्हाला खाऊन टाकतात. आणि अधूनमधून पडद्यावरून नजर काढून शेजारी बघा. शेजारच्यानं रिमोट खाली ठेवला, तर तो दमला, कंटाळला की मनातून दुखावला, हे मला ओळखता येत नाही. माझ्यासाठी ते फक्त न हलणं आहे.

ते तुम्हालाच ओळखावं लागेल.